कुंभाराचें गाढव आणि आमचें वाय-फाय

गेल्या तीन महिन्यांत आम्हीं एका निरपराध शेजाऱ्याशीं भांडण केलें, एका गरीब तंत्रज्ञास जिन्यांत उभें करून चार शब्द सुनावले, इंटरनेटच्या मासिक वर्गणींत दोनदां वाढ करून घेतली, आणि आमच्या वडील बहिणीच्या मनांत आमच्याविषयीं एक गैरसमज उत्पन्न होऊं दिला. या चारहि गोष्टींचें मूळ शेवटीं मोहरीच्या दाण्याहून थोड्या मोठ्या अशा एका सोनेरी टोपणापाशीं सांपडलें. ही हकीकत सांगावी कीं नाहीं याचा आम्हीं बराच विचार केला. परंतु आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरीं एखादा जुना लॅपटॉप असेल, आणि शेजारी तर सर्वांसच आहेत.

आमचें बिऱ्हाड नेरूळास एका जुन्या चार मजली इमारतींत आहे. सिडकोची स्थापना १९७० सालची; खाडीवरून आगगाडी वाशीस आली ती १९९२ सालीं. त्या दिवसांत येथें घरीं टेलिफोन असणें ही प्रतिष्ठेची खूण समजत. आज ऐरोली, रबाळें, महापें या टापूंत डेटा सेंटर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या ज्या खिडक्याविरहित प्रचंड इमारती उभ्या आहेत, त्यांतून देशभरच्या लोकांचीं पत्रें, चित्रें आणि पैशाअडक्याचे व्यवहार अहोरात्र वाहत असतात. त्या सर्व आमच्यापासून पांच कोसांच्या आंत! नदीकांठीं बसून घागर रिकामी राहावी, तशी आमची गत झाली होती.

आमची अक्का वाईस असते. तिचें वय ७८. आमच्याहून १२ वर्षांनीं वडील. आम्हांस पहिलीं रूपें पाठ करून घेतलीं तीं तिनें. पाठशाळेंत गेलों तें त्यानंतर. चार वर्षांपूर्वीं तिच्या डोळ्यांच्या पडद्यास विकार जडला. समोरच्या माणसाच्या कडा दिसतात, चेहरा दिसत नाहीं. पुस्तकाचा कागद दिसतो, अक्षर दिसत नाहीं. तेव्हांपासून रोज सायंकाळीं सात वाजतां आम्ही लॅपटॉपपुढें बसून तिला अर्धा तास वाचून दाखवितों. मूळ श्लोक, मग अर्थ, मग तिची शंका, असा क्रम असतो. उच्चार चुकला तर ती अजूनहि थांबविते. हें काम मोबाईलवर होणार नाहीं काय, असें कोणी विचारील. होईल, पण ग्रंथाचें पान मोठें करून पडद्याच्या एका बाजूस ठेवल्यावांचून आमच्याहि डोळ्यांस आतां तें झेपत नाहीं. गेल्या वर्षीं महाभारतांतील नलोपाख्यान चालू होतें.

आमचा लॅपटॉप २०१६ सालचा. त्यावर जी विंडोज १० नांवाची प्रणाली होती, तिला मिळणाऱ्या नेहमींच्या दुरुस्त्या १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं बंद झाल्या, आणि पुढची विंडोज ११ त्या वृद्ध यंत्रास मानवेना. यंत्र धडधाकट, कळफलक शाबूत, पडदा स्वच्छ. असें असतां केवळ प्रणालीपायीं तें भंगारांत घालणें आमच्या जिवावर आलें. तेव्हां महाप्याच्या एका कचेरींत काम करणारा आमचा एक जुना विद्यार्थी आला आणि त्यानें तीवर लिनक्स बसवून दिलें. ही प्रणाली १९९१ सालीं हेलसिंकी येथील लिनस टॉरवाल्ड्स या विद्यार्थ्यानें आरंभिली, आणि जगभरच्या हजारों लोकांनीं ती वाढविली. तिला मोल पडत नाहीं आणि तिचा सर्व मजकूर वाटेल त्यास वाचतां येतो. जुन्या यंत्रांवर ती हलकेपणानें चालते, हा आमचाहि अनुभव आहे.

त्याच आठवड्यांत दिवाळीचा रंग काढण्यासाठीं हॉल मोकळा करावा लागला, व आमचें मेज आंतल्या खोलींत गेलें. तें तेथेंच राहिलें. प्रणाली बदलली आणि जागा बदलली, या दोन गोष्टी एकाच आठवड्यांत घडल्या हें वाचकांनीं ध्यानांत ठेवावें. आम्हीं तें ठेवलें नाहीं.

पाडव्यापासून वाचनांत विघ्नें येऊं लागलीं. चित्र गोठावें, शब्द अर्ध्यावर तुटावा, मग दहा-वीस पळें शांतता, मग तीन वाक्यें एकदम घाईनें बाहेर पडावीं. कधीं पांच मिनिटें सुरळीत जात. त्यामुळें आशा सुटत नसे, आणि तेंच वाईट. सर्वथैव बंद पडलेल्या वस्तूची माणूस दुरुस्ती करतो. अधूनमधून चालणाऱ्या वस्तूशीं तो भांडत बसतो.

प्रथम आम्हीं भिंतीस दोष दिला. हॉलमधील राऊटर व आंतलें मेज यांच्यामध्यें दोन भिंती पडतात. मग कोणी सांगितलें कीं वर्गणी कमी पडते. म्हणून ५० मेगाबिटांची १०० केली, आणि १०० ची २००. मग राऊटर नवा घेतला. मग कंपनीचा तरुण आला. त्यानें आपल्या मोबाईलवर वेग मोजून, ‘काका, लाईन बरोबर आहे’ असें तीनदां सांगितलें. तिसऱ्या खेपेस आम्हीं त्यास बरेंच बोललों. शेवटीं कोठें तरी वाचलें कीं २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यांत एकमेकांत न मिसळणाऱ्या वाटा बहुधा तीनच धरतात, पहिली, सहावी आणि अकरावी. शेजाऱ्यांचा राऊटर आपल्याच वाटेवर असेल तर दोघांचाहि खोळंबा होतो. विद्या अर्धी असली म्हणजे ती हत्यारासारखी हातांत घ्यावीशी वाटते. खालच्या मजल्यावरील गृहस्थांचा राऊटर सहाव्या वाटेवर, आमचाहि सहाव्या! आम्हीं सोसायटीच्या बैठकींत तो विषय काढला, आणि त्या सज्जन गृहस्थांनीं कांहींहि न बोलतां आपला राऊटर अकराव्या वाटेवर नेला. आमच्या वाचनांत तिळमात्र फरक पडला नाहीं. परंतु जिन्यांत भेटल्यावर ते पूर्वीं हंसत असत, तें मात्र बंद झालें.

मार्गशीर्षाच्या आरंभीं अक्काचा फोन आला. ती म्हणाली, “अरे, इथं वाईलाच हल्लीं नेट फार वाईट झालंय. तूं रोज उगीच खटपट करूं नकोस. सवडीनं पाहूं.” आम्हीं बरें म्हटलें. खरें सांगावयाचें तर किंचित् सुटल्यासारखेंहि वाटलें. पुढें महिन्याभरानें आमच्या भाचीकडून कळलें कीं वाईचें नेट उत्तम आहे आणि अक्का रोज पुण्याचें एक कीर्तन अखंड ऐकते. भाचीपाशीं ती म्हणाली होती, “त्याला आतां कंटाळा आला असेल. वाचतां वाचतां मधेंच उठून जातो आणि नेटवर घालतो. मी कशाला त्याला अडकवून ठेवूं?” पडद्यावर आमचें चित्र गोठलेलें आहे, हें तिला दिसण्याचा संभवच नव्हता. तिला ऐकूं येई तें इतकेंच, कीं श्लोकाच्या दुसऱ्या चरणावर भाऊ गप्प झाला.

त्या रात्रीं आम्हांस झोंप आली नाहीं. सकाळीं विद्यार्थ्यास फोन केला, आणि ११ जानेवारीच्या रविवारीं तो येऊन बसला.

त्यानें प्रथम कांहींच दुरुस्त केलें नाहीं, ही गोष्ट आम्हांस फार आवडली. आपला मोबाईल त्यानें आमच्या मेजावर, लॅपटॉपला लागून ठेवला. मोबाईल ५ गिगाहर्ट्झवर जोडला गेला होता. लॅपटॉपला तो पट्टा ऐकूंच येत नाहीं, म्हणून तुलना न्यायाची व्हावी यासाठीं त्यानें मोबाईलहि मुद्दाम २.४ वर आणला. तरीहि मोबाईलचा वेग ४५ मेगाबिट आणि लॅपटॉपचा दीड! भिंती त्याच, राऊटर तोच, शेजारी तेच. मग त्यानें पिशवींतून एक लांब तार काढून राऊटरपासून लॅपटॉपपर्यंत ओढली. तारेनें लॅपटॉप २०० च्या घरांत धांवूं लागला.

तर्कशास्त्रांत यास अन्वय-व्यतिरेक म्हणतात. कारण असतां कार्य असावें, कारण नसतां कार्य नसावें. दोन्ही पाहिल्यावांचून कारण म्हणूं नये. आणि ज्याच्यावांचूनहि कार्य घडतें, पण जें योगायोगानें तेथें हजर असतें, त्यास अन्यथासिद्ध म्हणतात. नैयायिकांचें ठरलेलें उदाहरण म्हणजे कुंभाराचें गाढव: घट होण्यापूर्वीं तें माती वाहून आणतें खरें, तरी गाढव हें घटाचें कारण नव्हे. हें उदाहरण आम्हीं तीस वर्षें मुलांस सांगितलें. भिंत, वर्गणी, राऊटर, कंपनीचा तरुण आणि खालचे गृहस्थ हीं पांच गाढवें ओळीनें दारांत उभीं असतां आम्हांस एकहि ओळखतां आलें नाहीं. विद्यार्थी समोर बसला होता, म्हणून हें आम्हीं मनांतच म्हटलें.

आतां राहिला लॅपटॉप. पण त्याचें यंत्र बिघडलें होतें, कीं त्याची प्रणाली? येथें आमच्या सौ.ची साक्ष निर्णायक ठरली. ती चहा घेऊन आली आणि म्हणाली, “गणपतींत हॉल पाहुण्यांनीं भरला होता तेव्हां तुम्हीं याच खोलींत बसून अक्कांना वाचून दाखवलंत. एकदांहि अडलं नाहीं.” विद्यार्थी ताडकन् उठला. गणपति ऑगस्टअखेरीस आले. तेव्हां खोली हीच, यंत्र हेंच, फक्त प्रणाली जुनी होती. तीन महिन्यांचें कोडें एका वाक्यानें अर्धें सुटलें. आम्हीं तिला हें पूर्वींच कां सांगितलें नाहींस असें विचारलें असतां, ‘पूर्वीं मला कोणीं विचारलं?’ असें उत्तर आलें.

पुढें त्यानें एक आज्ञा टंकून दोन आंकडे दाखविले. बिनतारी संदेशाचें बळ डेसिबल-मिलिवॅटांत मोजतात. एक मिलिवॅट म्हणजे शून्य, आणि दर दहा अंश खालीं गेलें कीं बळ दहापट घटतें. तो मोबाईलला ऋण ४९ दाखवीत होता आणि लॅपटॉपला ऋण ७९. तीस अंशांचें अंतर म्हणजे हजारपट! लॉगॅरिथमच्या तक्त्यांवर वाढलेल्या आमच्या पिढीस हा आंकडा पाहून धडकी भरावी यांत नवल नाहीं. एकाच मेजावर वीतभर अंतरानें ठेवलेल्या दोन यंत्रांपैकीं एकास दुसऱ्याच्या हजारांश ऐकूं येत होतें.

कमी ऐकूं आल्यानें वेग कां पडावा, तेंहि त्यानें समजावून दिलें. वाय-फायमध्यें प्रत्येक लहानसा निरोप पोचपावतीच्या पत्रासारखा जातो. पावती आली नाहीं तर तोच निरोप पुन्हां धाडतात. पुन्हां पुन्हां हुकला तर पाठविणारा आपला वेग उतरवितो, जसें शेवटच्या बांकावरील मुलास ऐकूं येत नाहीं असें पाहून गुरुजी शुद्धलेखन सावकाश सांगूं लागतात. म्हणजे निरोप कमी जातात, आणि त्यांतले निम्मे दुबार. हॉलमध्यें राऊटरजवळ नेलें कीं लॅपटॉप बरा चालत असे याचें कारण इतकेंच कीं कानाशीं ओरडलें तर बहिऱ्यासहि ऐकूं येतें. यामुळेंच आम्हीं भिंतीस फांशीं दिलें होतें.

प्रणाली आणि यंत्राचा एखादा अवयव यांच्यामध्यें जो मध्यस्थ असतो त्यास ड्रायव्हर म्हणतात, म्हणजे सारथि. आमच्या लॅपटॉपांतील वाय-फायच्या पत्रिकेवर अँटेना जोडण्यासाठीं दोन खुंट्या आहेत. यंत्र बनविणारांनीं काटकसरीनें एकच तार घातली व ती एका खुंटीवर टोपणासारखी बसविली. त्यांत चूक नाहीं. परंतु कोणती खुंटी वापरावी हें ज्या लहानशा कायम स्मृतींत लिहिलेलें असतें, तेथें दुसऱ्या, रिकाम्या खुंटीचें नांव कोरलें गेलें होतें. विंडोजचा सारथि या विसंगतींतून वाट काढीत असे. लिनक्सचा सारथि सरळमार्गी. त्यानें शब्दप्रमाण मानून रिकामी खुंटी कानाशीं लावली, आणि तिच्या उघड्या टोंकावर जें कांहीं गळून पडेल तेवढ्यावर दिवस काढीत राहिला. दोष सारथ्याचा म्हणावा, कीं त्यास खोटा लेख देणाराचा? विद्यार्थी म्हणाला, “सर, ड्रायव्हरनं तपासून पाहायला हवं होतं.” आमचें मत किंचित् निराळें आहे, पण तो धंद्यांतला माणूस आहे, म्हणून आम्हीं वाद वाढविला नाहीं.

हा प्रकार आमच्या एकट्याच्याच घरीं झाला असें नाहीं. एकच अँटेना असलेले असे अनेक लॅपटॉप त्या काळीं बाजारांत आले, आणि २०१६ सालीं या सारथ्यास एक नवा पर्याय जोडण्यांत आला. तो जोडणाराविषयीं चार ओळी लिहिल्यावांचून आम्हांस पुढें जाववत नाहीं. त्यांचें नांव लॅरी फिंगर. जन्म १९४० चा. मूळचे ते स्फटिकशास्त्रज्ञ. वॉशिंग्टन येथील कार्नेगी संस्थेच्या भूभौतिकी प्रयोगशाळेंत त्यांची हयात गेली. एल् साल्वादोर देशांतील इसाल्को ज्वालामुखीच्या मुखाशीं सांपडलेल्या तांबें आणि व्हॅनेडियम यांच्या एका खनिजास त्यांच्यावरून ‘फिंगराइट’ असें नांव दिलेलें आहे. एवढ्यावर कोणीहि संतुष्ट राहिला असता. परंतु २००५ सालीं, म्हणजे वयाच्या ६५ व्या वर्षीं, त्यांनीं लिनक्सच्या बिनतारी ड्रायव्हरांचें काम हातीं घेतलें आणि १,४०० हून अधिक दुरुस्त्या केल्या. त्या जगांतील असंख्य यंत्रांत मुकाट्यानें चालू आहेत. जून २०२४ मध्यें ते वारले. आम्ही सेवानिवृत्त होऊन सात वर्षें झालीं; सकाळीं फिरणें, वर्तमानपत्र, औषधाच्या गोळ्या आणि एक हें सदर, एवढाच आमचा व्याप. त्या गृहस्थांनीं साठीनंतर जो संसार मांडला, त्यांतील एक ओळ नेरूळास आमच्या उपयोगीं पडली.

विद्यार्थ्यानें प्रथम वीज-बचतीची सोय बंद करून पाहिली, कारण अशा तक्रारींचें तें अधिक सामान्य कारण असतें. कांहीं फरक पडला नाहीं. मग त्यानें तो पर्याय वापरला. त्याचें नांव ‘अँट_सेल’. त्याची किंमत शून्य असतां सारथि कोरलेल्या लेखावर विश्वास ठेवतो. एक किंवा दोन लिहिलें तर लेख बाजूस सारून ती ती खुंटी घेतो. त्यानें एक लिहिला. आंकडा ऋण ७९ च राहिला. दोन लिहिला, सारथ्यास खालीं उतरवून पुन्हां चढविलें, आणि आंकडा ऋण ५० वर येऊन उभा राहिला. यंत्राचा एक स्क्रूहि उघडावा लागला नाहीं. यंत्र पुन्हां सुरू केल्यावर हें विसरूं नये म्हणून तीच एक ओळ त्यानें ‘मॉडप्रोब.डी’ नांवाच्या कप्प्यांतील एका फाइलींत लिहून ठेवली. सर्व मिळून चाळीस मिनिटें लागलीं; त्यांतलीं तीस पाहण्यांत गेलीं.

ज्या वाचकांनीं यंदां आपल्या जुन्या यंत्रांवर लिनक्स घेतलें असेल व ज्यांस हाच ताप असेल, त्यांनीं एवढें करावें: मोबाईल आणि लॅपटॉप एकाच जागीं, एकाच पट्ट्यावर ठेवून दोहोंचें बळ पाहावें, आणि मग तार जोडून पाहावी. मोबाईल सबळ, लॅपटॉप दुर्बळ आणि तारेनें सर्व ठीक असें दिसलें, तर राऊटर बदलूं नये. ‘अँट_सेल’ हा पर्याय मात्र प्रत्येक सारथ्यास नसतो. आपल्या यंत्रांत कोणती पत्रिका आहे तें जाणत्याकडून आधीं पाहून घ्यावें.

वर्गणी आम्हीं पुन्हां ५० वर आणली आहे. १४ जानेवारीस संक्रांत होती. तिळगूळ घेऊन आम्ही खालच्या मजल्यावर गेलों आणि झाली हकीकत सांगितली. त्या गृहस्थांनीं ती शांतपणें ऐकून घेतली. म्हणाले, “म्हणजे आमचा राऊटर परत सहावर आणूं?” आम्हीं नको म्हटलें, अकरावरच त्यांचाहि वेग वाढला होता असें त्यांनींच मग कबूल केलें. कंपनीचा तो तरुण मात्र पुन्हां भेटला नाहीं. त्याचा नंबर आमच्याजवळ नाहीं, आणि कंपनीच्या तक्रारखात्यांत क्षमा नोंदविण्याची सोय नाहीं.

त्याच सायंकाळीं सात वाजतां आम्हीं वाईस फोन लावला. अक्कास खुंट्यांची आणि सारथ्याची सर्व कथा सांगितली. तिला ती कितपत समजली कोण जाणे. ती थोडा वेळ गप्प राहिली, तेव्हां आमच्या पोटांत धस्स झालें कीं पुन्हां तुटलें कीं काय. पण तुटलें नव्हतें. मग ती म्हणाली, “तूं वाचायला घे बघूं. बाहुकानं रथ थांबवला आहे. ऋतुपर्णानं सांगितलेलीं बेहड्याचीं पानं अजून मोजायचीं राहिलीं आहेत.”